मॉरिस मायनर घ्यायचीय, पण कोणती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही इंग्लंडमध्ये डर्बीजवळ राहता. घरात दोन मुलं, एक चार वर्षांचं, दुसरं दीड वर्षाचं. गाडी घरासमोर उघड्यावरच उभी राहणार. साताऱ्याला आजोबांकडे ‘बेबी हिंदुस्थान’, म्हणजे मॉरिस मायनरवरून भारतात बनलेली गाडी होती, तिचा फोटो अजून घरी आहे, आणि म्हणून तुम्हाला आता मॉरिस मायनर हवी आहे. समोर तीन गाड्या आहेत: शेजारच्या आजींची १९६७ ची लाकडी चौकटीची ट्रॅव्हलर, जी अकरा वर्षं गॅरेजमधून हललेली नाही, १९५४ ची चार दारांची, दोन तुकड्यांच्या काचेची सलून, म्हणजे पक्क्या टपाची साधी गाडी, आणि १९६० ची कापडी टपाची टूरर. तुम्ही विचारता, यांतलं सगळ्यांत चांगलं मॉडेल कोणतं, आणि मूळ इंजिन असलेलीच घ्यावी का?

मी मूळचा इचलकरंजीचा, लेथवर हात बसला तो तिथेच. गेली तेवीस वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये जुन्या ब्रिटिश गाड्यांचं काम करतो आणि त्यांत मायनर सर्वांत जास्त. या अनुभवावरून सांगतो, की तुम्ही विचारलेले दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत. मायनरमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सीटा, काच, दिवे हे सगळं सुटं मिळतं आणि एका काळाच्या गाडीचं दुसऱ्या काळाच्या गाडीला बहुतेक बसतं. मिळत नाही तो धड तळ. तो तुकड्यातुकड्यांनी वेल्डिंग करून उभा करावा लागतो, आणि तेवढ्या मजुरीत दुसरी चांगली गाडी येते. म्हणून खरा प्रश्न असा, की यांतल्या कोणत्या गाडीचा सांगाडा शाबूत आहे आणि कोणता सांगाडा तुमच्या घरासमोरच्या पावसात शाबूत राहील? त्याचं उत्तर काढायला या गाडीचा इतिहास फार उपयोगी पडतो. म्हणून जरा मागे जातो.

अॅलेक इसिगोनिस हे नाव लोकांना मिनीमुळे माहीत असतं, पण त्यांची पहिली मोठी गाडी मायनर. स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरला जन्मलेला हा माणूस दुसरं महायुद्ध चालू असतानाच मॉरिस कंपनीत जॅक डॅनियल्स आणि रेग जॉब या दोन सहकाऱ्यांबरोबर एका छोट्या गाडीवर काम करत होता. तिचं आतलं नाव ‘मॉस्किटो’. त्या काळातली बहुतेक स्वस्त ब्रिटिश गाडी म्हणजे वेगळी चासी, तिच्यावर ठेवलेली बॉडी, पुढे सरळ अॅक्सल, मोठी अरुंद चाकं. इसिगोनिसनी बॉडी आणि तळ एकत्र वेल्ड केलेला सांगाडा घेतला, पुढच्या चाकांना स्वतंत्र टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी सळ्या दिल्या, दातेरी पट्टीवर चालणारं रॅक अँड पिनियन स्टिअरिंग दिलं आणि चाकं १४ इंचांवर आणली. इंजिन शक्य तितकं पुढे सरकवलं. त्यामुळे आत जागा झाली आणि वळणावर गाडी सरळ धरून राहायला लागली. आजही एखादी नीट जुळवलेली मायनर डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर चालवून पाहा, स्टिअरिंगमधून रस्ता हातात येतो. मी ही गाडी मनापासून मानतो ती यासाठी, गोड चेहऱ्यासाठी नाही.

कागदावर ठरलेली गाडी अरुंद होती. उत्पादनाच्या तोंडावर इसिगोनिसना ती बघवेना. त्यांनी नमुना मधोमध उभा कापायला लावला आणि दोन्ही अर्धे एकमेकांपासून दूर सरकवत नेले, डोळ्याला बरं वाटेपर्यंत. चार इंचांवर येऊन थांबले. बॉनेटच्या मधोमध जो उंच सपाट पट्टा दिसतो तो त्याच चार इंचांचा. सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर आधीच तयार झालेले होते, म्हणून ते मधे कापून चार इंचांचा तुकडा जोडला. तुमच्या १९५४ च्या गाडीवर हा जोड नसणार, पण बॉनेटवरचा पट्टा शेवटच्या मायनरपर्यंत टिकला.

कंपनीचे मालक विल्यम मॉरिस, म्हणजे लॉर्ड नफील्ड, यांना ही गाडी मुळीच आवडली नव्हती. कवच फोडून पाण्यात शिजवलेल्या अंड्यासारखी दिसते, असं ते म्हणाले होते. पैसे वाचवायचे म्हणून ठरलेलं नवीन, सिलिंडर दोन बाजूंना आडवे असलेलं चार सिलिंडरचं इंजिन रद्द झालं आणि मॉरिस एटचं जुनं ९१८ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन बसवलं गेलं. ताकद २७.५ अश्वशक्ती. पण इंजिनाची खोली त्या रुंद आडव्या इंजिनाच्या हिशोबाने आखलेली होती, ती तशीच राहिली. म्हणून मायनरचं बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंना हात घालून काम करता येतं, आणि म्हणूनच पुढच्या वीसेक वर्षांत तिच्यात एकामागून एक मोठं इंजिन सहज बसत गेलं. १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली.

तुमच्या आजोबांची ‘बेबी हिंदुस्थान’ ही या पहिल्या मालिकेवर बेतलेली. इथले लोक तिला ‘एमएम’ म्हणतात. हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्याला मॉरिसच्या गाड्यांवरून ज्या गाड्या बांधल्या त्यांतली ती धाकटी. पुढे मॉरिस ऑक्सफर्डवरून लँडमास्टर आणि मग अँबॅसिडर आली. अँबॅसिडरच्या पुढच्या चाकांनाही टॉर्शन बार आणि रॅक अँड पिनियनच. माझे वडील कोल्हापूरला अँबॅसिडर चालवायचे. पहिल्यांदा मायनरखाली झोपलो तेव्हा समोरची मांडणी मला परकी वाटली नाही, नुसतं सगळं लहान झालं होतं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण तुमचा निर्णय तिच्यावर थोडाफार अवलंबून आहे. १९५४ ची गाडी फोटोतल्या गाडीसारखी दिसते, काच दोन तुकड्यांची आहे, म्हणून तुमचं मन तिच्याकडे ओढलं जातंय. पण बॉनेटखाली ती आजोबांची गाडी नाही. १९५२ साली मॉरिस आणि ऑस्टिन एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली आणि मायनरमध्ये ऑस्टिन ए ३० चं ८०३ सीसीचं इंजिन आलं. ही ‘सिरीज टू’. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, ताकद ३० अश्वशक्ती झाली, पण तिला मागचा अॅक्सल फार खालच्या रेशोचा दिला होता. चढाला ती गुरगुरत चढते. सरळ रस्त्यावर मात्र पन्नास मैलांच्या पुढे इंजिन थकल्यासारखा आवाज करतं. डर्बीवरून मोटरवेने कुठे जायचं असेल तर मागच्या लॉरीवाल्यांचे दिवे सतत आरशात दिसतील. आठवणीसाठीच गाडी घ्यायची असेल तर ९१८ सीसीची एमएम शोधावी. ती १९५३ च्या सुरुवातीपर्यंत बनली. आणि रोजच्या वापरात चालवायची असेल तर सिरीज टूच्या पुढे जावं. सिरीज टू मला मधल्यामधली वाटते. अर्थात, तळ उत्तम असेल तर हे मत मी मागे घेतो.

एमएममध्येही दोन चेहरे आहेत. सुरुवातीला दिवे पुढच्या जाळीत, खाली होते. अमेरिकेतल्या नियमांना ते फार खाली ठरले. युद्धानंतर ब्रिटनला परकीय चलनाची निकड होती, निर्यातीशिवाय कारखान्याला पुरेसं पोलाद मिळत नव्हतं, त्यामुळे अमेरिकेची अट मोडता येण्यासारखी नव्हती. दिवे उचलून मडगार्डवर गेले, आणि १९५१ पासून सगळ्याच गाड्यांवर. इसिगोनिसना तो बदल रुचला नव्हता. मला मात्र रात्री चालवताना वरचेच दिवे बरे वाटतात. खालच्या दिव्यांच्या गाड्यांना आज संग्राहकांची मागणी आहे आणि किंमतही तशीच, त्यामुळे तुमच्या कामाच्या नाहीत.

पुढचे बदल भराभर सांगतो. १९५३ मध्ये व्हॅन, पिकअप आणि ट्रॅव्हलर आल्या. १९५४ च्या शेवटाला चौकटीच्या जाळीऐवजी आडव्या पट्ट्यांची जाळी आली आणि आतलं स्पीडोमीटर मधोमध गेलं. तुमच्या यादीतली गाडी कोणत्या महिन्यातली ते यावरून लगेच कळेल. १९५६ मध्ये ‘मायनर १०००’: ९४८ सीसी, ३७ अश्वशक्ती, एकसंध वाकडी काच, मागची काच मोठी, गिअरची दांडी आखूड. मायनर ही खऱ्या अर्थाने आजच्या रस्त्यावर चालणारी गाडी झाली ती इथे. १९६१ पर्यंत दाराच्या खांबातून बाहेर येणारे सिग्नलचे हात होते, नंतर चमकणारे दिवे. १९६२ च्या शरदात १०९८ सीसी, ४८ अश्वशक्ती, पुढचे ब्रेक ड्रम सातचे आठ इंच, मोठा क्लच, अधिक टिकाऊ गिअरबॉक्स आणि लांब पल्ल्याला सोयीचा अॅक्सल. याच्यानंतर कंपनीने या गाडीत फारसं काही घातलं नाही, कारण सगळं लक्ष मिनीकडे आणि ‘११००’ या दुसऱ्या नव्या गाडीकडे होतं.

मधे, १९६० च्या डिसेंबरमध्ये, दहा लाखावी मायनर तयार झाली. दहा लाखांचा आकडा गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी. त्या निमित्ताने फिकट जांभळ्या रंगाच्या साडेतीनशेच्या आसपास ‘मायनर मिलियन’ काढल्या. कुणी तुम्हाला जांभळी गाडी जास्त किमतीला विकू पाहत असेल तर चासी नंबर पाहिल्याशिवाय एक पौंडही वाढवू नका, कारण रंग कुणीही मारू शकतो. टूरर १९६९ मध्ये बंद झाली, सलून १९७० च्या नोव्हेंबरमध्ये, ट्रॅव्हलर १९७१ मध्ये. एकूण सुमारे सोळा लाख गाड्या. टपाल खात्याच्या व्हॅन, गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका, पोलिसांच्या निळ्या-पांढऱ्या गाड्या, सगळीकडे हीच होती. टपाल खात्याच्या सुरुवातीच्या व्हॅनना पुढची मडगार्डं रबराची होती, म्हणजे गल्लीत घासली तरी पत्रा बदलायचा खर्च नाही. खात्याने अशी मागणी केली आणि कंपनीने ती पुरवली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

इथवरचा सार एवढाच: बॉनेटखालचं आणि काचेचं जे काही बदलत गेलं ते आज सगळं मागेपुढे करता येतं, आणि लोकांनी केलेलंही आहे. १९५४ च्या गाडीत १०९८ चं इंजिन निघालं तर दचकू नका. एमजी मिजेटचं किंवा मॉरिस मरीनाचं १२७५ सीसीचं निघालं तरी नाही, कारण ८०३ पासून १०९८ पर्यंतची इंजिनं ज्या ए-सिरीज कुटुंबातली, त्यातलंच ते आहे आणि जवळपास कापाकापी न करता बसतं. मात्र ताकद वाढवली तर पुढे डिस्क ब्रेक बसवलेत का ते बघा. इंजिन मूळचं नाही म्हणून मी कधी गाडी नाकारत नाही. ब्रेक जुनेच ठेवलेले दिसले तर मात्र आधी तेच दुरुस्त करायला सांगतो.

बॉडी मात्र प्रकारानुसार खरोखर वेगळी आहे, आणि तुमच्या तीन गाड्यांचा खरा फरक तिथे आहे.

ट्रॅव्हलर आधी. तिच्या मागच्या अर्ध्या भागाची चौकट अॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची, आणि तिच्यात बसवलेले पत्रे अॅल्युमिनियमचे. बाहेरून बघणाऱ्याला लाकूड शोभेसाठी वाटतं. ते शोभेचं नाही. मागची बॉडी तेच तोलून धरतं, आणि सरकारी तपासणीत ते कुजलेलं निघालं तर गाडी नापास होते. लाकडाचा शत्रू म्हणजे साचलेलं पाणी. मागच्या सरकत्या काचांच्या खालच्या खोबणीत पानं आणि धूळ अडकते, तिथे शेवाळ उगवतं. हो, अक्षरशः हिरवं शेवाळ. ओल खाली झिरपते आणि मागच्या चाकावरून जाणारी खालची पट्टी आतून काळी पडते. शेजारच्या आजींची गाडी गॅरेजमध्ये कोरडी उभी होती ही तिची मोठी जमेची बाजू. अंगठ्याने दाबून पाहा, सांध्यांवर विशेष. लाकूड दबलं किंवा सांधा उघडलेला दिसला तर थांबा. चकचकीत वॉर्निशवर विश्वास ठेवू नका. एक गाडी माझ्याकडे आली होती, बाहेरून देखणी. खालची पट्टी स्क्रू ड्रायव्हरने टोचली तर आत निम्मी पुट्टी, वर लाकडासारख्या रेघा रंगवलेल्या. पूर्ण चौकट नवीन करायची म्हणजे काही हजार पौंड आणि कारागिराचे कित्येक दिवस. आणि उघड्यावर ठेवलेल्या ट्रॅव्हलरला दर वर्षी लाकूड घासून, तेल किंवा वॉर्निश देऊन, खोबणी साफ करून राखावं लागतं. हे काम आवडत असेल तर ती राहते, कंटाळा येणारा असेल तर राहत नाही. दोन्ही प्रकारचे मालक मी पाहिले आहेत.

टूररमध्ये टप कापडी असल्याने सांगाड्याचं वरचं बळ जातं, म्हणून कारखान्यात तळाला आणि डॅशखाली जादा मजबुती दिलेली असते. बाजारात मात्र सलूनचं टप कापून बनवलेल्या कितीतरी ‘टूरर’ फिरतात. काही चांगल्या हातांनी मजबूत करून बनवल्या आहेत, काही नाहीत. इंजिनाच्या खोलीत मागच्या भिंतीवरच्या पाटीवर चासी नंबर पाहा: सुरुवात ‘एम ए टी’ अशी असेल तर ती जन्मापासून टूरर. ‘एम ए २ एस’ म्हणजे दोन दारी सलून होती, ‘एम ए डब्ल्यू’ म्हणजे ट्रॅव्हलर. पाटी बदलता येते, म्हणून आणखी एक कसोटी. दार बंद करून त्याच्या मागच्या फटीत बोट लावून ठेवा आणि दुसऱ्याला गाडी एका बाजूने जॅकवर उचलायला सांगा. फट बदलली तर गाडी मधे वाकतेय. अशी गाडी मी कुणालाही घेऊ देत नाही, मुलांना घेऊन बसणाऱ्याला तर नाहीच.

सलून सर्वांत साधी आणि म्हणून सर्वांत भक्कम. दोन दारी असेल तर आणखी भक्कम. चार दारीला मधले खांब जास्त, म्हणजे गंजायच्या जागाही जास्त. पण मागे मुलांना बसवायचं तर चार दारं सोयीची.

आणि इथेच तुमच्या परिस्थितीतली एक गोष्ट बाकी सगळ्यांच्या आधी येते. मागच्या सीटला पट्टे मूळचे नसतात. ज्या गाडीत सीटबेल्ट नाहीत तिच्यात तीन वर्षांखालच्या मुलाला बसवायला ब्रिटनमध्ये कायद्याने मनाई आहे, आणि तीन वर्षांवरच्याला मागेच बसवावं लागतं. तुमचं धाकटं दीड वर्षाचं आहे. म्हणजे पट्टे बसवल्याशिवाय अजून दीड वर्ष चौघं मिळून निघताच येणार नाही. सलूनमध्ये मागे पट्टे बसवता येतात, पत्र्याखाली जाड प्लेट घालून, आणि ते काम माहितगाराकडूनच करून घ्यावं. ट्रॅव्हलरमध्ये बाजूला लाकूड आलं, तिथे पट्टा बांधायला धड जागा शोधणं अवघड जातं. टूररमध्ये खांद्यावरून जाणारा पट्टा टांगायला वर काही नाहीच.

आता तळ कसा बघायचा. गाडी पाहायला जाताना जुने कपडे, टॉर्च, छोटा चुंबक आणि एक बोथट स्क्रू ड्रायव्हर न्या. मालकाला आधी सांगून ठेवा की खाली जाणार आहे. जो नको म्हणतो त्याच्याकडून परत या. मायनरच्या मधोमध, पुढच्या सीटांखालून एक आडवी तुळई जाते, तिच्या टोकांना जॅक लावायच्या जागा. तिथे गंज लागला असेल तर जॅक वर जाताना करकर आवाज येतो आणि गाडी उचलली जात नाही. पुढचे टॉर्शन बार मागे त्याच भागाला टेकलेले असतात, म्हणून तिथला गंज म्हणजे चाकांचा आधार गेला. मग मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांची पुढची टोकं जिथे तळाला बोल्ट होतात ती जागा. मग दाराखालचा उंबरा. हा तीन थरांचा असतो आणि वर एक झाकणपट्टी, त्यामुळे आतलं कुजलेलं बाहेरून झाकता येतं. चुंबक फिरवा, पुट्टी असेल तिथे तो धरत नाही. पुढच्या मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात चिखल साठतो आणि त्यामागे दाराचा बिजागरीचा खांब असतो, तोही ठोकून पाहा. मडगार्ड बोल्टने बसतात, सहज बदलतात. त्यांच्यावरचा गंज किंमत कमी करून घेण्यापुरता, घाबरण्यासारखा नाही.

तळाइतकीच दुसरी गोष्ट पुढच्या चाकांचे ट्रनियन. चाकाचा उभा खांब वर आणि खाली एका आटेदार गाठीत फिरतो, ती ही. तिला दर ३,००० मैलांनी ग्रीस लागतं, आणि वर्षातून दोनदाच चालणाऱ्या गाडीला मैल न मोजता दर सहा महिन्यांनी द्यावं. ग्रीस नाही मिळालं की आटे झिजतात आणि एक दिवस खांब गाठीतून सुटतो. चाक आडवं होऊन मडगार्डखाली शिरतं. माझ्या एका ग्राहकाचं हे बाजारात गाडी लावताना झालं, पाच मैलांच्या वेगाला, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना. त्याआधी वीस मिनिटं तो मोठ्या रस्त्यावर होता. त्या दिवसापासून माझ्याकडे आलेली कुठलीही मायनर, साधं तेल बदलायला आलेली असली तरी, ट्रनियन बघितल्याशिवाय बाहेर जात नाही. बघायची रीत सोपी: चाक जॅकवर, वरखाली धरून हलवा, दुसऱ्याने ब्रेक दाबून ठेवलेला असू द्या म्हणजे बेअरिंगचा खेळ वेगळा कळतो.

आजींच्या ट्रॅव्हलरसाठी आणखी एक. अकरा वर्षं उभ्या गाडीचे ब्रेक चालतील असं धरूच नका. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या तुळईच्या आत बसवलेला असतो. वरून झाकण काढून तेल भरता येतं, पण सिलिंडर काढायचा तर त्याचे बोल्ट टॉर्शन बारला अडतात, बार सैल करावा लागतो. निम्मा दिवस तिथेच जातो. पाइप, चाकांचे सिलिंडर, टायर, सगळं नवीन. सीटमागे पेट्रोलचा वास आला तर टाकीही. या खर्चाचा आकडा आधी काढा आणि मग किंमत बोला. आजींशी नातं शेजारचं आहे, म्हणून हा हिशोब त्यांना कागदावर दाखवा. नंतर मनात काही राहत नाही.

पेट्रोलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार होता असं समजतो. शिशाचं पेट्रोल ब्रिटनमध्ये १९९९ च्या शेवटाला बंद झालं. जुन्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका मऊ लोखंडाच्या, त्या शिशाशिवाय हळूहळू खाली बसतात. रविवारी तीस-चाळीस मैल शांतपणे चालवणार असाल तर याने लगेच काही होत नाही. पेट्रोलमध्ये घालायचं औषध घाला आणि हेड कधी उतरेल तेव्हा कडक बैठका बसवून घ्या. रोज मोटरवेने जाणार असाल तर आधीच बसवा. २०२१ पासून साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं आहे, ते जुन्या रबरी नळ्या मऊ करतं. महाग पंपावरचं पाच टक्क्यांचं घ्या किंवा नळ्या नव्या रबराच्या बसवा; मी दोन्ही करायला सांगतो. भारतात इथेनॉलचं प्रमाण याहून जास्त आहे, म्हणून साताऱ्या-कोल्हापुराकडे कुणी जुनी गाडी जपत असेल तर त्यांनी नळ्यांकडे जास्तच लक्ष द्यावं.

विजेबाबत एक सावधगिरी. मायनर मूळची ‘पॉझिटिव्ह अर्थ’ आहे, म्हणजे बॅटरीची अधिक बाजू बॉडीला जोडलेली. आज सवयीने उलट वायर लावली किंवा दुसऱ्या गाडीवरून बॅटरीला जोड दिला तर नुकसान होतं. बऱ्याच मालकांनी डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवताना हे फिरवून घेतलेलं असतं. गाडी घेतल्या दिवशी बॅटरी बघा आणि कोणती अर्थ आहे ते बॉनेटच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला इथे रस्त्याचा कर नाही, आणि गाडीत मोठे फेरफार केलेले नसतील तर वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. त्याच कुटुंबातलं मोठं इंजिन बसवलं म्हणून ती सवलत जात नाही. तरी तपासणी करून घ्याच. वर्षातून एकदा दुसऱ्या कुणीतरी खालून टॉर्च मारलेला बरा.

तर तुमच्यासाठी माझं मत. गॅरेज नाही, मुलं लहान आहेत, हे दोन मुद्दे पक्के असतील तर या तिघींपैकी पहिली पसंती १९५४ ची सलून, पण तळ आणि ट्रनियन उत्तम निघाले तरच. तिचं ८०३ इंजिन तुम्हाला सुस्त वाटलं तर १०९८ चं इंजिन, त्याच काळातला गिअरबॉक्स, अॅक्सल आणि आठ इंची ब्रेक एका संचात घ्या, आणि जुनं इंजिन ग्रीस लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, फेकू नका. तळ खराब निघाला तर तिघींनाही सोडा आणि १९६२ नंतरची साधी चार दारी सलून शोधा. त्या अजून बऱ्याच आहेत आणि दिसायला कमी नवलाच्या असल्यामुळे स्वस्तही मिळतात. आजींची ट्रॅव्हलर लाकूड चांगलं निघालं आणि तुम्ही बाजूला एखादी छप्परशेड उभारणार असाल तर घ्या, मात्र धाकटं मूल मोठं होईपर्यंत ती दोघांची गाडी समजून. टूरर माझ्या यादीत शेवटी, तीही चासी नंबर आणि दाराची फट दोन्ही खरी निघाली तर.

जाण्याआधी तिन्ही गाड्यांच्या चासी पाटीचे, दाराखालच्या उंबऱ्याचे आणि मधल्या तुळईच्या दोन्ही टोकांचे फोटो काढून पाठवा. पत्रा कुठे मूळचा आणि कुठे नंतर लावलेला हे वेल्डिंगच्या टाक्यावरून बऱ्याचदा फोटोतही कळतं. १९५४ च्या गाडीच्या जाळीचाही एक पाठवा, आडव्या पट्ट्या आहेत की चौकट, म्हणजे वर्षाच्या कोणत्या बाजूची आहे ते सांगता येईल.